"आमचा अल्गोरिदम" असं लिहिलं, आणि तो ज्यांचा आहे त्यांनीच इश्यू टाकला

या वेळचं पत्र एका मेंटेनरचं, म्हणजे ओपन सोर्स सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्याचं आहे. थोडं कापून देतेय.

"ताई, मी नोकरी सांभाळून एक छोटी ओपन सोर्स लायब्ररी चालवतो. सतत येणाऱ्या आकड्यांमध्ये अचानक बदल कुठे झाला ते ओळखायचं, एवढंच तिचं काम. तीन वर्षं झाली, बरेच लोक प्रॉडक्शनमध्ये वापरतात. आत दोन पद्धती आहेत, एक जुनी क्युसम, म्हणजे फरकांची बेरीज करत जाणारी, आणि दुसरी एका पेपरमधून घेतलेली, आणि लोक येतात ते त्या दुसरीसाठीच. डॉक्युमेंटेशनमध्ये आम्ही तिला 'आमचा अ‍ॅडाप्टिव्ह अल्गोरिदम' म्हटलंय. गेल्या आठवड्यात त्या पेपरच्या एका लेखिकेने प्रोजेक्टच्या पानावर इश्यू, म्हणजे जाहीर सूचना टाकली, अगदी शांतपणे, की ही पद्धत आमच्या पेपरमधली दिसतेय, उल्लेख कुठे सापडला नाही, करता येईल का. मला कसंसंच झालं. मुद्दाम लपवलं नव्हतं हो, पहिल्या कमिटच्या, म्हणजे कोडमधल्या बदलाच्या नोंदीच्या, मेसेजमध्ये पेपरचं नाव आहे. पण माझा जोडीदार मेंटेनर म्हणतो, लायसन्समध्ये कुठे लिहिलंय असं करायला, अल्गोरिदमवर कुणाचा कॉपीराइट नसतो, आणि एकदा सुरुवात केली की कुणाकुणाची नावं लिहायची, रीडमीचा, म्हणजे प्रोजेक्टची ओळख करून देणाऱ्या फाइलचा, प्रबंध होईल. आणि खरं सांगू का, तो पेपर मी पूर्ण वाचलेलाच नाही, मधलं गणित डोक्यावरून गेलं, बराचसा कोड दुसऱ्या एका इम्प्लिमेंटेशनकडे बघून लिहिला. आता इश्यूला काय उत्तर देऊ, नाव कुठे लिहू, किती लिहू, आणि आधी निघालेल्या रिलीजचं काय करू?"

हे बघ, आधी तुझ्या मनावरचं ओझं थोडं उतरवते. तू चोरी केलेली नाहीस. पहिल्याच कमिटमध्ये पेपरचं नाव लिहिणारा माणूस काही लपवायला बसलेला नसतो. पण कमिट मेसेज वाचतं कोण? लायब्ररी वापरणारा डॉक्युमेंटेशनचं पहिलं पान उघडतो, उदाहरण कॉपी करतो आणि कामाला लागतो, त्याच्यासाठी त्या पानावर जे लिहिलंय तेच खरं, आणि त्या पानावर तू "आमचा" लिहिलंयस. सगळी गोम त्या एका शब्दात आहे. नाव लिहायचं राहून गेलं हे समजू शकतं, पण "आमचा" हे चुकीचं विधान आहे, आणि तीन वर्षं लोकांनी ते खरं मानलंय. म्हणून पहिलं काम म्हणजे तो शब्द काढ. आजच काढ, पूर्ण संदर्भ लिहून होईपर्यंत थांबू नकोस, एका ओळीचा बदल आहे.

दुसरं काम इश्यूला उत्तर. यात लोक काय करतात, आधी स्वतःची बाजू मांडतात, कमिटची लिंक देतात, मुद्दाम नव्हतं वगैरे सांगतात, आणि समोरच्या बाईने एवढं जपून लिहिलेलं असताना तिलाच उलट तुमची समजूत काढावी लागते. ते नको. कमिटचा उल्लेख केलास तरी शेवटी एका ओळीत कर. साधारण असं लिही:

"नमस्कार. तुमचं बरोबर आहे, ही पद्धत तुमच्या पेपरमधलीच आहे आणि डॉक्युमेंटेशनमध्ये आम्ही तिला आमची म्हटलं ही आमची चूक आहे. तो शब्द आज काढलाय. पूर्ण संदर्भ पुढच्या रिलीजमध्ये येईल, त्याचा मसुदा इथेच टाकतो, तुम्ही एकदा बघा. सगळ्या लेखकांची नावं कशी लिहायची आणि पेपरची कुठली आवृत्ती द्यायची ते सांगाल का? आमचा कोड काही ठिकाणी पेपरपेक्षा वेगळा आहे, तेही स्पष्ट लिहिणार आहोत."

बस. नावं विचारून घे हे मी मुद्दाम लिहिलंय, कारण लग्नानंतर किंवा आणखी कशामुळे नाव बदललेलं असतं, अक्षरांवरची चिन्हं कॉपी करताना गळून पडतात, आणि पेपरचा प्रीप्रिंट एक असतो तर छापून आलेली आवृत्ती दुसरीच असते, तिच्यात कधीकधी चुका दुरुस्त केलेल्या असतात. हे त्यांच्याइतकं नीट कुणालाच माहीत नसणार.

आता तुझ्या जोडीदाराचं म्हणणं. तो म्हणतो ते अर्धं खरं आहे आणि त्या अर्ध्याचा मान ठेवून बोललास तरच तो ऐकेल. कॉपीराइट मांडणीला मिळतो, कल्पनेला नाही. पेपर वाचून पद्धत समजून घेतली आणि कोड स्वतःच्या हाताने लिहिला तर कॉपीराइटच्या दृष्टीने पेपरच्या लेखकांची परवानगी लागत नाही, आणि तुमचं लायसन्स त्यांचं नाव लिहायला भागही पाडत नाही. बरोबर. पण लायसन्स सांगतं काय केलंत तर कायदा मोडेल, डॉक्युमेंटेशन खरं आहे की नाही हे ते सांगत नाही. त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या लायसन्समध्ये उदाहरणं चालली पाहिजेत असंही कुठे लिहिलेलं नाही, तरी चालत नसलेलं उदाहरण तुम्ही ठेवत नाही ना?

पण थांब, तुझ्या पत्रातल्या एका वाक्याने मला खरी काळजी वाटली आणि ते वाक्य तू अगदी जाता जाता लिहिलंयस. "दुसऱ्या एका इम्प्लिमेंटेशनकडे बघून लिहिला." इथे मात्र विषय फक्त सौजन्याचा राहत नाही. ज्या कोडकडे बघून लिहिलंस त्याचं लायसन्स काय होतं? नुसतं बघून समजून घेतलंस, की फंक्शनमागून फंक्शन, व्हेरिएबलच्या नावांसकट दुसऱ्या भाषेत उतरवलंस? उतरवलं असशील तर तो त्या कोडचा पोर्ट झाला, आणि मूळ कोड एमआयटी या बऱ्याच मोकळ्या लायसन्सचा असेल तर त्यांची कॉपीराइटची ओळ आणि लायसन्सचा मजकूर तुमच्या रेपॉझिटरीत, म्हणजे कोड ठेवता तिथे, ठेवणं ही अटच आहे. मूळ कोड जीपीएलचा, म्हणजे त्यावरून केलेल्या कोडलाही तेच लायसन्स लावायला सांगणारा, असेल आणि तुमची लायब्ररी एमआयटीची असेल तर मग एका ओळीने भागणार नाही, एकतर तो भाग पेपरवरून नव्याने लिहावा लागेल किंवा मूळ लेखकाशी बोलावं लागेल. कोडला मुळात लायसन्सच नसेल तर "सार्वजनिक आहे म्हणजे मोकळं आहे" असं अजिबात धरू नकोस, लायसन्स नाही म्हणजे परवानगी नाही. प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या स्टॅक ओव्हरफ्लो साइटवरून उचललेला तुकडाही तसाच, तिथला मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ज्या लायसन्सखाली असतो त्यात नाव देणं बंधनकारक आहे आणि तसंच लायसन्स पुढे चालवायचीही अट आहे. हे काम कंटाळवाणं आहे पण याच आठवड्यात बसून कर, दोन्ही कोड शेजारी शेजारी उघड आणि प्रामाणिकपणे बघ. जोडीदाराला "लायसन्समध्ये कुठे लिहिलंय" असं म्हणायची सवय आहे ना, मग हे त्यालाच करायला दे, तो नीट करेल असं मला वाटतं.

आता नाव कुणाचं लिहायचं. हा प्रश्न वाटतो तितका सोपा नसतो, आणि "कुणाकुणाची लिहायची" असं तुझा जोडीदार म्हणतो त्यात त्याची खरी अडचण आहे. पत्ते पिसायचा जो अल्गोरिदम सगळे वापरतात तो घे. नाव फिशर आणि येट्स यांचं, १९३८ मध्ये त्यांनी संख्यांच्या तक्त्यांच्या पुस्तकात हाताने, कागद-पेन्सिलने करायची रीत दिली. आपण आज कोडमध्ये लिहितो ते जागच्या जागी अदलाबदल करणारं रूप डर्स्टेनफेल्ड यांनी १९६४ मध्ये दिलं. आणि पुढे ते घरोघरी पोचलं ते क्नुथ यांच्यामुळे. मग श्रेय कुणाचं? माझ्या मते तुझा कोड ज्या रूपाचा आहे त्याचं आधी, आणि मूळ कल्पना त्याहून जुनी असल्याचं माहीत असेल तर ती एका वाक्यात. सिग्नलमधल्या लहरी झटपट वेगळ्या काढणाऱ्या फास्ट फुरियर ट्रान्सफॉर्मचंही असंच, कूली आणि ट्यूकी यांचा पेपर १९६५ चा, पण गाउस यांनी तीच युक्ती १८०५ च्या सुमाराला लिहून ठेवली होती आणि ती छापून आली ते गेल्यावर. म्हणून काय प्रत्येक लायब्ररीने गाउसपासून सुरुवात करायची का, तर नाही. इतिहास लिहिणं तुझं काम नाही. तुझं काम एवढंच की वाचणाऱ्याला तुझ्या कोडपासून ज्या कागदावर जायचंय तिथे जाता आलं पाहिजे.

आणि हे करायचं कसं याचा मला सगळ्यात आवडणारा नमुना पायथॉनच्या सोर्समध्ये आहे. टिम पीटर्स यांनी २००२ मध्ये पायथॉनसाठी जे सॉर्टिंग लिहिलं, ज्याला पुढे टिमसॉर्ट म्हणायला लागले, त्याच्या शेजारी एक लांबलचक साधी टेक्स्ट फाइल आहे. तिच्यात गॅलपिंग नावाच्या, मोठमोठ्या उड्या मारत जागा शोधायच्या युक्तीबद्दल ते लिहितात की ही कल्पना मी पहिल्यांदा अमुक पेपरमध्ये एका वेगळ्या संदर्भात वाचली, त्याच्याही आधी पीटर मॅकिलरॉय यांच्या १९९३ च्या पेपरमध्ये तीच युक्ती वेगळ्या नावाने आहे, आणि तिचं मूळ बहुधा आणखी जुन्या एका पेपरमध्ये जातं. बघ, तिन्ही गोष्टी आल्या, मी कुठे शिकलो, माझ्या आधी कुणी लिहिलं होतं, आणि जिथे खात्री नाही तिथे "बहुधा". ही फाइल वाचून पीटर्स यांचं काम कुठेही लहान वाटत नाही, उलट नेमकं त्यांचं काय आहे ते उठून दिसतं. तुझ्या मनात कुठेतरी भीती असेलच ना, की नाव लिहिलं तर आपण केलं काय असं लोकांना वाटेल? तर असं होत नाही. चालणारा, टेस्ट असलेला, तीन वर्षं सांभाळलेला कोड ही तुमची कामगिरी आहे आणि ती स्वच्छ दिसायला पाहिजे, दुसऱ्याच्या कामात मिसळलेली नाही.

म्हणून तुझ्यासाठी उत्तर असं. त्या पेपरचं नाव, सगळे लेखक, वर्ष. ज्या इम्प्लिमेंटेशनकडे बघून शिकलास तिचंही नाव, वेगळ्या वाक्यात, कारण पेपरने कल्पना दिली आणि त्या कोडने ती कशी लिहायची ते दाखवलं, दोघांचं देणं वेगवेगळं आहे. आणि हो, क्युसम. तिचंही कुठे नाव नसेल असं मला तुझ्या "जुनी" या शब्दावरून वाटतंय. ती ई. एस. पेज यांची, १९५४, बायोमेट्रिका या जर्नलमधली. इश्यू टाकायला कुणी येणार नाही म्हणून ते वगळायचं असं नसतं ना.

पेपर पूर्ण वाचला नाहीस हे तू कबूल केलंस हे बरं केलंस, पण मग आता वाच. सगळं गणित सुटलं नाही तरी चालेल, पद्धत सांगणारा भाग आणि गृहीतकं जिथे लिहिलीत तो भाग तुझ्या कोडशेजारी ठेवून ओळीला ओळ लावून बघ. मी हे शिस्त म्हणून सांगत नाहीये. तू दुसऱ्याच्या कोडवरून लिहिलंयस म्हणजे त्याने जे बदल केले, सोपं करून घेतलं, चुकवलं, ते सगळं तुझ्याकडे आलंय आणि तुला ते माहीतच नाही. आणि न वाचलेल्या पेपरचं नुसतं नाव डकवलंस तर उद्या कुणीतरी पेपर उघडून तुझ्या आउटपुटशी ताडून बघेल आणि जुळलं नाही की दोष पेपरला देईल. त्या लेखिकेवर हा दुसरा अन्याय होईल, पहिल्याहून मोठा.

त्यामुळे माझ्या मते संदर्भातलं सगळ्यात मोलाचं वाक्य "आम्ही कुठे वेगळं केलंय" हे असतं, आणि नेमकं तेच लोक लिहीत नाहीत. पायटॉर्च या मशीन लर्निंगच्या लायब्ररीच्या डॉक्युमेंटेशनमध्ये एसजीडी या मॉडेल शिकवायच्या पद्धतीच्या पानावर टीप आहे की मोमेंटमचं, म्हणजे आधीच्या पावलांचा वेग पुढे नेण्याचं, आमचं रूप सुट्सकेवर आणि इतरांच्या पेपरपेक्षा आणि काही इतर फ्रेमवर्कपेक्षा थोडं वेगळं आहे, आणि खाली दोन्हीची समीकरणं दिलीत. फरक एवढाच की लर्निंग रेटने, म्हणजे पावलाच्या आकाराने, गुणायचं कुठे, वेग साठवताना की मॉडेलमधली वजनं बदलताना. लर्निंग रेट शेवटपर्यंत एकच ठेवला तर कळणारही नाही, पण मधेच बदलला की दोन्हींचं वागणं वेगळं होतं, आणि ती टीप नसती तर कितीतरी लोकांनी आपला निकाल पेपरशी का जुळत नाही म्हणून डोकं आपटलं असतं. मेंबरलिस्ट नावाची गो भाषेतली लायब्ररी आहे, मशीनच्या समूहात कोण जिवंत आहे ते ओळखणारी, तिच्या रीडमीतही असंच सरळ लिहिलंय की हे स्विम या पेपरवर आधारलेलं आहे आणि आम्ही त्यात कुठे कुठे बदल केलेत.

हे मी एवढं लावून का धरतेय त्याचं कारण सांगते. काही वर्षांपूर्वी मी सांभाळत असलेल्या एका प्रोजेक्टमध्ये विचित्र आकडे वेगळे काढायचं फंक्शन होतं, त्यात मध्यकापासूनच्या फरकांचा मध्यक काढून त्याला १.४८२६ ने गुणलेलं होतं, आणि वर चार ओळींची कमेंट होती, हा आकडा कुठून आला, कुठला पेपर. मी एका सफाईत ती कमेंट उडवली. मला ती अडगळ वाटली. पुढे एका नव्या कॉन्ट्रिब्युटरने विचारलं की हा आकडा असा विचित्र का, १.५ करू का, वाचायला सोपं, आणि मी हो म्हणून मर्ज केलं. तो आकडा उगाच नव्हता. डेटा नॉर्मल वितरणाचा असेल तर त्या मध्यकाचं माप स्टँडर्ड डेव्हिएशनच्या मापाशी जुळावं म्हणून तो असतो, हॅम्पेल यांच्या १९७४ च्या पेपरने हे माप सगळ्यांसमोर आणलं आणि त्यांनी स्वतः त्याचं श्रेय गाउसना दिलंय. आमच्या लोकांच्या मर्यादा त्या मापावर बेतलेल्या होत्या, त्या एकेक टक्क्याने सरकल्या, कुणाला इशारे यायचे कमी झाले, कुणाला का ते कळेना, आणि मला कारण सापडायला फार वेळ लागला कारण कारण सांगणारी कमेंट मीच काढून टाकलेली होती. त्या दिवसापासून मी संदर्भाची ओळ बघितली की तिला हात लावत नाही.

आणि ओळ मुळातच नसेल तर काय होतं तेही बघ. क्वेक ३ अरेना या गेमच्या कोडमध्ये वर्गमुळाचा व्यस्त झटकन काढायची एक युक्ती होती, २००५ मध्ये सोर्स खुला झाला तेव्हा सगळ्यांना धरून चालावंसं वाटलं की ही गेमचे प्रोग्रामर जॉन कारमॅक यांचीच. त्यांनी सांगितलं माझी नाही. मग लोक माग काढत बसले, या माणसाला विचार, त्या माणसाला विचार, असं करत धागा १९८० च्या दशकाच्या अखेरीस ग्रेग वॉल्श यांच्यापर्यंत गेला, आणि त्यांच्याही आधी काहान आणि एनजी यांच्या १९८६ च्या अप्रकाशित कामापर्यंत. कोडमध्ये एक नाव असतं तर हे सगळं शोधावं लागलंच नसतं.

बरं, आता लिहायचं कुठे. रीडमीचा प्रबंध होईल ही भीती खरी आहे, पण सगळं रीडमीत कोंबायचं कुणी सांगितलंय? मुख्य जागा म्हणजे जिथे ते फंक्शन समजावलंय तिथेच. पायथॉनची लायब्ररी असेल तर नम्पायडॉक या मांडणीच्या पद्धतीत डॉकस्ट्रिंगमध्ये, म्हणजे कोडमध्येच लिहिलेल्या फंक्शनच्या माहितीत, नोट्स आणि रेफरन्सेस असे दोन वेगळे विभाग असतातच, फरक नोट्समध्ये लिही आणि पेपर रेफरन्सेसमध्ये. पायथॉनच्याच रँडम मॉड्यूलच्या पानावर मर्सेन ट्विस्टर या यादृच्छिक आकडे काढायच्या रीतीसाठी मात्सुमोतो आणि निशिमुरा यांचा १९९८ चा पेपर कसा दिलाय ते बघ, एवढुसा आहे, कुणाच्या वाटेत येत नाही. रीडमीत मग दोनच वाक्यं पुरतात:

"या लायब्ररीतली अ‍ॅडाप्टिव्ह पद्धत अमुक, अमुक आणि अमुक यांच्या अमुक वर्षीच्या पेपरमधली आहे, आणि क्युसम पेज यांची, १९५४. कोड आम्ही लिहिलाय, पेपरच्या लेखकांचा त्याच्याशी संबंध नाही, त्यामुळे चुका सापडल्या तर त्या आमच्या, आणि पेपरपासून आम्ही कुठे वेगळे आहोत ते डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलंय."

"संबंध नाही" हे वाक्य विसरू नकोस. नाव बघून लोकांना वाटतं की लेखकांनीच हे तपासून दिलंय आणि मग बगचे ईमेल त्यांना जायला लागतात.

लिंक देताना लेखिकेच्या विद्यापीठातल्या वैयक्तिक पानाची देऊ नकोस, माणसं नोकरी बदलतात आणि पानं जातात. डीओआय, म्हणजे पेपरचा कायमचा ओळख क्रमांक दे, तो टिकावा म्हणूनच केलेला असतो, आणि पेपर पैसे भरून वाचायचा असेल तर शेजारी मोफत प्रीप्रिंटचीही लिंक दे. पण लिंक मेली तरी सापडेल इतका मजकूर लिहिलेला पाहिजे, लेखक, नाव, वर्ष, जर्नल, नुसतं "हा पेपर बघा" नको.

मग ती सायटेशन डॉट सीएफएफ नावाची फाइल, तुमच्या कामाचा उल्लेख (सायटेशन) कसा करायचा ते सांगणारी, तुमच्या रेपॉझिटरीत नसेल तर घाल. २०२१ पासून गिटहब ही कोड ठेवायची साइट ती वाचते आणि रेपॉझिटरीच्या पानावर सायटेशनचं बटण दाखवते. यात बहुतेक जण काय करतात, स्वतःच्या लायब्ररीची माहिती भरतात आणि थांबतात. पण त्याच फाइलमध्ये रेफरन्सेस नावाचा भाग आहे, तुमचं सॉफ्टवेअर ज्या कामांवर उभं आहे ती तिथे लिहायची असतात. त्या लेखिकेचा पेपर तिथे जाईल. प्रिफर्ड सायटेशन हा भाग वेगळा, तिथे पेपर टाकू नकोस, नाहीतर बटणावर तुमच्या लायब्ररीऐवजी तोच दिसेल आणि तुमचं काम पुसलं जाईल, ते कुणीच मागितलेलं नाही.

ही फाइल एवढी महत्त्वाची का, तर तुमची लायब्ररी वापरून उद्या कुणीतरी शोधनिबंध लिहिणार. तो निबंधात काय लिहिणार? तुमच्या डॉक्युमेंटेशनमध्ये जे दिसेल ते. तिथे "आमचा अल्गोरिदम" असेल तर तो तुमच्या लायब्ररीचं नाव लिहून मोकळा होईल, आणि ज्यांनी ती पद्धत शोधली त्यांच्या पेपरला एक सायटेशन कमी. तुला-मला सायटेशनने पगार मिळत नाही, म्हणून आपल्याला ते बारीकसं वाटतं. त्यांची नोकरी, पुढची फेलोशिप, संशोधनाचा निधी यात तो आकडा मोजला जातो. पेपर लिहिताना ती लेखिका विद्यार्थिनी असेल तर तिच्या अख्ख्या काही वर्षांच्या कामाचा तो एकच पुरावा असू शकतो. तिने शांतपणे लिहिलंय म्हणून तिला फारसं लागलं नसेल असं समजू नकोस, असा इश्यू टाकायच्या आधी माणूस चार दिवस विचार करतो की लिहू की नको, उगाच कटकट करणारी वाटेन का.

किती लिहायचं याची माझी कसोटी साधी आहे. बायनरी सर्चला संदर्भ लागत नाही, हॅश टेबलला लागत नाही, ते कुठल्याही पाठ्यपुस्तकात मिळतं. पण ज्या पद्धतीचं नाव सांगून तुम्ही लोकांना बोलावता, किंवा जिच्यातला एखादा आकडा, एखादं गृहीतक कोड वाचून कळत नाही, तिला संदर्भ हवाच. तुमच्या लायब्ररीत असं मोजून चार-पाच ठिकाणी निघेल, प्रबंध होत नाही.

जुन्या रिलीजना हात लावू नकोस, निघाल्या त्या निघाल्या. पण चेंजलॉगमध्ये, म्हणजे बदलांच्या यादीत, गुपचूप "डॉक्युमेंटेशनमध्ये सुधारणा" असं लिहून पुढे जाऊ नकोस. सरळ लिही की अमुक आवृत्तीपर्यंत या पद्धतीचा उल्लेख चुकून आमची म्हणून झाला होता, ती अमुक पेपरमधली आहे. तुमच्या जुन्या पानावरून कुणी निबंधात चुकीचं लिहिलं असेल तर त्याला दुरुस्त करायला तेवढा आधार मिळतो. तुम्ही कुठे लेख लिहिले असतील, भाषण दिलं असेल, स्लाइड टाकल्या असतील, तिथेही तो "आमचा" शोधून काढ.

आणि जोडीदाराला रेडिस या डेटाबेसची गोष्ट सांग. वेगळ्या वस्तू किती आहेत ते थोडक्या जागेत मोजायची हायपरलॉगलॉग नावाची रीत आहे, फिलिप फ्लाजोले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दिलेली. रेडिसमध्ये ती १२ केबीत बसते आणि चूक साधारण ०.८१ टक्के. फ्लाजोले २०११ मध्ये गेले. नंतर रेडिसमध्ये ती आली तेव्हा तिच्या कमांडना नावं दिली पीएफअ‍ॅड, पीएफकाउंट, पीएफमर्ज. ते पीएफ म्हणजे फिलिप फ्लाजोले. कुठल्याही लायसन्सने ते मागितलं नव्हतं. आणि सोर्स फाइलच्या वरच्या कमेंटमध्ये मूळ पेपर आणि नंतर गूगलच्या लोकांनी केलेल्या सुधारणांचा पेपर, दोन्ही लिहिलेत, कुठली कल्पना कुठून घेतली त्यासकट. मी ती कमेंट पहिल्यांदा वाचली तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

तर या आठवड्यात एवढं कर, "आमचा" काढ, उत्तर दे, जोडीदाराला लायसन्स तपासायला बसव, आणि तू पेपर घेऊन बस. वाचताना जिथे अडशील तिथे त्याच इश्यूत तिला विचार, ही ओळ आम्हाला कळली नाही, आम्ही असं केलंय, बरोबर आहे का. आपला पेपर कुणीतरी ओळ न ओळ वाचतंय हे बघून तिला आनंदच होईल, आणि तुमच्या कोडमधली एखादी चूकही निघेल. मसुदा तयार झाला की तिला दाखव, रिलीज झाली की लिंक टाक. आणि तो इश्यू तू बंद करू नकोस, तिला करू दे.